जिन्यातला तांबडा दिवा

“बाबा, माझा आवाज चांगला आहे का?”

प्रश्न माझा नव्हता. म्हणजे आवाज माझा, बाबा माझे, पण प्रश्न टाचणीचा आणि रेडिओचा. टाचणी आणि रेडिओ या माझ्या वर्गातल्या मैत्रिणी. एक बारीक आणि टोचरी, दुसरी बटण बंद केलं तरी चालू राहणारी. शाळेच्या कार्यक्रमात मी एकटीनं गायले, आणि गाणं संपल्यावर टाळ्या वाजायच्या आधी सभागृहात एक छोटीशी पोकळी झाली, जणू सगळ्यांनी श्वास घेतला आणि परत द्यायला विसरले. त्या दिवसापासून मला माझे खांदे आवडायला लागले होते. मी वर्गात शिरताना दार जरा जास्तच उघडायची. आरशासमोरून जाताना ओळखीचं कुणी भेटल्यासारखी हसायची. हे सगळं टाचणीच्या नजरेतून कसं सुटणार? “एवढा भाव खातेस ना,” ती म्हणाली, “मग बाबांना विचार. जन्मभर आवाजच पकडलेत त्यांनी. आम्ही काय, आम्ही मैत्रिणी, आम्ही छानच म्हणणार.” रेडिओ म्हणाली, “आणि नाही विचारलंस तर आमच्या लेखी तू गाणारी नाहीस, नुसती ओरडणारी.” तर मी विचारलं. शाळेतून आले ती दप्तरासकट तळघरात उतरले आणि मोठ्या हॉलच्या मधोमध उभी राहून विचारून टाकलं.

बाबा केबल गुंडाळत होते. केबल गुंडाळणं हे त्यांचं ध्यान आहे. एक वळसा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे वायर आतून पिळत नाही आणि वर्षानुवर्षं टिकते. त्या वेळी छत कोसळलं तरी त्यांचे हात थांबत नाहीत. त्या दिवशी थांबले. अर्धा वळसा हातातून लोंबत राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिलं, आणि म्हणाले, “कुणाला विचारतेयस? बापाला की रेकॉर्डिस्टला?”

“रेकॉर्डिस्टला,” मी म्हणाले. नवे खांदे होते ना.

“रेकॉर्डिस्ट ऐकल्याशिवाय सांगत नाही. रविवारी दुपारी ये. जिना लावू.”

काचेपलीकडे आई माइकसमोर उभी होती. हातातला कागद तिनं हळूच खाली केला. ती तिथे “चौथा मजला, दरवाजे उघडत आहेत” असं म्हणत होती, निरनिराळ्या गोडव्यानं, कारण अलीकडे आमच्या स्टुडिओत येणारं काम म्हणजे हेच: लिफ्टमधल्या सूचना, फोनवरचं “कृपया प्रतीक्षा करा”, कुठल्याशा औषधाचं माहितीपत्रक वाचून दाखवणं. या शहरातल्या अर्ध्या लिफ्टमध्ये माझी आई बोलते. मी कुठल्याही उंच इमारतीत गेले की आई आधीच तिथे पोहोचलेली असते आणि मला सांगत असते, कृपया दारापासून दूर उभे राहा. पण आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि ती का नाही हे मला त्या क्षणी, आईचा कागद खाली येताना, अर्धवट कळलं. जिना लावू. हे दोन शब्द मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते. बाबांनी ते इतक्या सहज म्हटले, जणू रोजच दिवा लावू, पंखा लावू म्हणतात तसं.

जिना लावणं म्हणजे काय हे आमच्या इमारतीत पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक आहे, बाहेरच्यांना मात्र समजावून सांगावं लागतं. तळघरात हॉल. पूर्वी ते गालिच्यांचं गोदाम होतं, आणि गोदामवाला गेला तेव्हा न खपलेले गालिचे तसेच टाकून गेला. तेव्हा बाबा आणि त्यांचा भागीदार मित्र दोघंही बिनलग्नाचे आणि बिनडोक होते (हे आईचं मत). त्यांनी ते गालिचे भिंतींना ठोकले. म्हणून आमच्या भिंतींवर फुलं आहेत, मोर आहेत, एका कोपऱ्यात हरणामागे धावणारा घोडेस्वार आहे, आणि या सगळ्यांनी मिळून शहरातली सगळ्यात मोठी गाणी गिळली आहेत. पण गालिच्यात गायलेला आवाज कोरडा होतो. त्याला ओलावा हवा, लांबून आल्यासारखं काहीतरी हवं. एकदा कोरसमधली एक मुलगी जिन्यातून धावत खाली येताना कशाला तरी हसली, आणि ते हसू वरच्या मजल्यापर्यंत जाऊन, वळून, पायरी पायरीनं मऊ होत खाली आलं. बाबा दारात उभे होते. त्यांनी मित्राला म्हटलं, हे मला गाण्यात पाहिजे. मित्राला वाटलं, मुलगी पाहिजे. झालं दोन्ही. ती मुलगी म्हणजे आई, आणि जिना म्हणजे आमचा जिना: तळाशी एक स्पीकर, अगदी वरच्या मजल्यावर एक माइक. हॉलमध्ये गाणारा गातो, त्याचा आवाज तारेतून स्पीकरमध्ये, स्पीकरमधून जिन्यात. तो आपल्या पायांनी वर चढतो, सगळ्या दारांवरून हात फिरवतो, आणि वरचा माइक त्याला पकडून परत आणतो. असा आवाज दुसऱ्या कुणाकडे नव्हता. लोक आमच्या जिन्यासाठी रांग लावायचे. जिना लावल्यावर जिन्यात कुणी चालायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंकायचंसुद्धा नाही. म्हणून प्रत्येक मजल्यावर एक तांबडा दिवा बसवला. दिवा लागला की जो जिथे असेल त्यानं तिथे थांबायचं. विझला की चालू पडायचं.

मी चालायला शिकले तेव्हाच थांबायलाही शिकले. एक पाय वर, एक पाय खाली, हातात दुधाची बाटली, आणि दिवा तांबडा. शेजारी कोण कोण थांबलेलं असायचं: दाढीला फेस लावलेले दातांचे डॉक्टर, पत्र हातात धरलेला पोस्टमन, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी. या मावशी आईच्या बहीण नाहीत, पण साऱ्या इमारतीच्या मावशी आहेत. दिव्याची शिस्त त्यांनीच लावली. कुणी दिवा मोडून पाय उचलला तर नंतर त्याला त्यांच्या तोंडाला तोंड द्यावं लागे. पण मी समोर असले की त्याच मावशी कठड्यावरून वाकून डोळे तिरळे करायच्या, गाल फुगवायच्या, मला हसवायला बघायच्या, आणि मी ओठ दाताखाली धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, गाणं संपायची वाट बघायची. माझ्या आयुष्यातली पहिली गाणी मी अशी ऐकली आहेत, ओठ चावत. अजूनही शाळेत आग लागल्याची तालीम होते आणि जिन्यातला तांबडा दिवा लागतो, तेव्हा सगळ्या जगानं पळायचं असतं आणि मी जागच्या जागी उभी राहते. मागून येणाऱ्या मुली माझ्यावर आदळतात. “पुतळा, चल की गं!” टाचणी ओरडते. त्या नावानं मला शाळेत सगळे ओळखतात. आमचं एक गाणं फार गाजलं, इतकं की अजून वाजतं. त्याच्या शेवटच्या कडव्याआधी एक बारीकशी ‘टिंग’ आहे. गावोगावचे वादक ते गाणं वाजवताना तिथे न चुकता त्रिकोणी घंटी वाजवतात. ती घंटी नाही. ती मावशींच्या दाराची कडी आहे. त्या दिवशी मावशींच्या हातून सुटली होती. बाबांनी ती तशीच राहू दिली, कारण गाणाऱ्या बाईला त्या दिवशी पुन्हा तसं गाणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी आई कपडे घडी करत होती आणि मी तिच्यासमोर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होते. घरात गंभीर बोलणं मोज्यांच्या वेळीच होतं. “सगळे तुझीच वाट बघतायत,” आई म्हणाली. “कशासाठी?” “लिफ्टसाठी.” जिन्याच्या मधली मोकळी जागा, जिच्यातून आवाज वर चढतो, तिथेच लिफ्ट बसणार. दुसरीकडे कुठे जागाच नाही. इमारतीतल्या सगळ्यांनी सह्या केल्यात, बाबांची तेवढी बाकी आहे. “तुझे बाबा त्यांना म्हणालेत, पोरीचं पहिलं गाणं जिन्यातून जाऊ द्या, मग काय ते बघू. हे केव्हाचं चाललंय. आधी तू लहान होतीस. मग म्हणाले आवाज बसू दे. मग म्हणाले तिला स्वतःहून येऊ दे.” मी म्हणाले, “आणि मावशी?” आईनं एक मोजा उगाचच झटकला. मावशींच्या छातीत अलीकडे हवा मावत नाही. खाली उतरतात त्या कधीतरी, चढणं म्हणजे अर्धा दिवस. “मावशी काहीच म्हणत नाहीत गं,” आई म्हणाली. “तोच तर त्रास आहे.”

रविवार येईपर्यंत मी जिन्याकडे नव्यानं बघत होते. जाता येता कठड्यावर हात ठेवायचा आणि त्याला विचारायचं, काय रे, माझ्यासाठी थांबलायस होय? मला फुशारकीही वाटत होती आणि गुदमरल्यासारखंही. एखाद्यानं आपल्यासाठी खुर्ची धरून ठेवावी आणि आपण अजून रस्त्यातच असावं, तसं. बाबांचं सगळं गेलं तेव्हा मी फार लहान होते, पण गेल्याचा आवाज मला आठवतो. भागीदार काका कुठल्याही जागेचा घुमारा देणारी एक विजेची पेटी घेऊन आले होते आणि म्हणाले होते, हिच्यात शंभर खोल्या आहेत, डोंगर आहेत, विहिरी आहेत, बटण दाब आणि घे. बाबा म्हणाले, तिच्यात मावशींची कडी आहे का? दोघंही हसले. मग काका हसायचे थांबले, आणि काही दिवसांनी त्यांची खुर्ची रिकामी झाली. मग वादक कमी झाले. आधी मागच्या रांगेतली व्हायोलिनं गेली, मग पुढची, मग तबल्याची गादी गुंडाळली गेली, आणि हॉल एखाद्या पोटासारखा रिकामा वाजायला लागला. आता लोक कपाटात डोकं घालून, कोटांच्या मधे उभं राहून गातात आणि तेवढ्यावर गाणं होतं. रेडिओनं मला सांगितलं होतं की कुठलीही जागा चोरता येते. तिथे एक फुगा फोडायचा, तो फट्ट कसा विरत जातो ते टिपायचं, मशीनला शिकवायचं, की मशीन कुठल्याही आवाजाला ती जागा चिकटवतं. मी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “फुगा फोडून वाढदिवस होतो. जिना होत नाही.”

रविवारी दुपारी बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. स्पीकरवरची धूळ त्यांनी आपल्या रुमालानं पुसली. वरच्या माइकची तार मजल्यामजल्यानं लावताना दारं उघडत गेली आणि सगळे बाबांशी नवरदेवाशी बोलावं तसे बोलत होते. डॉक्टर म्हणाले, “दाढी आधीच उरकलीय मी!” मी हॉलच्या मधोमध उभी राहिले, घोडेस्वाराकडे तोंड करून. हेडफोन कानांवर चढवले. काचेपलीकडे बाबा, त्यांच्या बाजूला, जरा मागे, आई, हातात नेहमीची पेन्सिल. बाबांनी हात वर केला. दिवा लागला. सगळी इमारत थांबली. ती थांबलेली मला ऐकू आली. खरंच आली, एखादं मोठं जनावर कान टवकारतं तशी.

आणि मी गायले. पहिली ओळ बाहेर पडली आणि क्षणभर हेडफोनमध्ये नुसतीच मी होते, कोरडी, जवळची, थुंकीसकट. मग ती दुसरी मी आली. कशी सांगू? माझाच आवाज, पण तो कुठेतरी जाऊन आला होता. त्यानं डॉक्टरांचं दार पाहिलं होतं, तिसऱ्या मजल्यावरची फुटलेली फरशी पाहिली होती, पत्रपेट्यांच्या फटींमधून डोकावला होता, वर जाऊन काचेच्या छतातल्या उजेडाला हात लावून आला होता, आणि आता माझ्याच कानात येऊन सांगत होता की बघ, मी कुठे कुठे गेलो. मी पुढची ओळ त्याला विचारायला पाठवली. तीही वर गेली. मला वाटलं, दुधाची बाटली धरलेली ती लहानगी मी त्या पायरीवर अजून उभी आहे, ओठ चावत, आणि मी तिच्या अंगावरून वर चढतेय. मला वाटलं, आई अजून हसत धावत खाली येतेय आणि आम्ही दोघी मधल्या वळणावर एकमेकींतून आरपार जातोय. शेवटचा सूर मी सोडला तेव्हा तो माझा राहिलाच नव्हता. तो बराच वेळ विरत राहिला, साखर चहात जाते तसा, आहे आहे वाटत असतानाच नाही.

मी धावत काचेपलीकडे गेले. बाबांचे डोळे मिटलेले होते. त्यांनी पुन्हा लावलं. आम्ही तिघं एकमेकांना चिकटून ऐकत होतो आणि मला माझ्याबद्दल काहीच वाटत नव्हतं, याचंच मला आश्चर्य वाटत होतं. गाणं चांगलं होतं. शाळेतल्यासारखं चांगलं. पण त्या शेवटच्या सुराच्या शेपटीत, तो विरत विरत अगदी बारीक झाल्यावर, त्याच्या खालून काहीतरी होतं. कुलपाच्या भोकातून वारा यावा तशी शिट्टी. आत. बाहेर. आत.

“स्वच्छ,” बाबा म्हणाले. “अगदी स्वच्छ आलंय.”

“बाबा, शेवटी कुणीतरी श्वास घेतंय.”

“कुठे?” त्यांनी मागे नेऊन लावलं. मान तिरकी केली. “नाही गं. भास आहे.”

“आहे. शिट्टीसारखा. आता! आत्ता!”

त्यांनी तिसऱ्यांदा लावलं. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. ते ऐकत नव्हते, शोधत होते, अंधारात भिंतीवर बटण चाचपडतात तसे. आणि नेमक्या त्या शिट्टीला आईच्या पेन्सिलनं त्यांच्या खुर्चीच्या हातावर हळूच टक् केलं. “हं,” बाबा लगेच म्हणाले. “हो, आहे. आहे की.”

ते शिट्टीला हो म्हणाले नव्हते. पेन्सिलीला म्हणाले होते.

लहानपणापासून मी ती टक्-टक् ऐकत आले होते. मला वाटायचं, आई ठेका धरते. मला वाटायचं, जुन्या कोरसवाल्या बाईला राहवत नाही, दोघांचं काहीतरी गोड आहे. खुर्चीच्या लाकडी हातावर बारीक बारीक खड्डे पडलेत, मी त्यांच्यावरून बोटं फिरवत मोठी झालेय. तो ठेका नव्हता. कुठे खरखर आहे, कुठे शिट्टी आहे, कुठे जिभेचा चट्ट आवाज आहे, हे ती त्यांना सांगत होती, आणि ते तिच्याकडून ऐकत होते, आणि दोघांनी हे एकमेकांनाही कधी बोलून दाखवलं नसेल. वरचे, बारीक आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच निघून गेले होते. त्यांच्यासाठी माझं गाणंसुद्धा संध्याकाळच्या डोंगरासारखं असणार, आकार सगळा आणि पानं नाहीत. मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं पेन्सिल ओठांवर धरली, दिवा लागल्यावर धरतात तसं बोट.

दिवा! मी टेबलाकडे पाहिलं. ऐकण्याच्या नादात दिवा बंद करायचा राहिला होता. आम्हा तिघांच्याही हातून असं कधी झालं नव्हतं. मी बटण न दाबताच धावले. का, ते सांगता येणार नाही. मला वाटलं, मी पोहोचेपर्यंत तसंच असावं सगळं. पहिल्या मजल्यावर डॉक्टर दारात उभे, डोळ्यांनी विचारताहेत काय झालं. दुसऱ्या मजल्याच्या वर, वळणावर, मावशी. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. एका हातात कठडा, दुसऱ्या हाताची मूठ छातीवर दाबलेली. ओठ घट्ट मिटलेले आणि जरा निळसर. त्या माझं गाणं स्टुडिओच्या दाराशी उभं राहून ऐकावं म्हणून गुपचूप खाली उतरल्या होत्या, मग गाणं सुरू व्हायला उशीर झाला म्हणून परत चढायला लागल्या होत्या, आणि दिव्यानं त्यांना मधेच धरलं होतं. बसल्या असत्या तर ती पायरी करकरली असती. म्हणून त्या बसल्या नव्हत्या.

“झालं का गं?” त्या कुजबुजल्या. “दिवा आहे अजून.”

“झालं मावशी. केव्हाच झालं. बसा. बसा आधी.”

त्या बसल्या. पायरी करकरली, आणि आम्ही दोघी सवयीनं दचकलो. मग त्यांच्या छातीतली शिट्टी मोकळी सुटली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझ्या नव्या खांद्यांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. “आला का गं माझा आवाज?” त्यांनी शेवटी विचारलं. “मेली शिट्टी वाजते. दाबून धरली होती मी.”

“आला,” मी म्हणाले. “अगदी सुरात होता.”

“चल, चावट. त्या गाण्यात माझी कडी, तुझ्या गाण्यात माझी छाती. उद्या मेले तर म्हणतील, बाई वादक होती.” त्या हसल्या आणि हसण्यानं पुन्हा दम लागला. मग डोळे मिटून म्हणाल्या, “छान गायलीस. पण मला तुझा जीव गाण्यात दिसला नाही बाई. तू धावत आलीस ना आत्ता, तेव्हा दिसला.”

खाली गेले तेव्हा बाबा केबल गुंडाळत होते. मी समोर उभी राहिले. “सांगा, रेकॉर्डिस्ट.” त्यांनी हात थांबवले नाहीत. “आवाज चांगला आहे,” ते म्हणाले. आणि त्यांचा स्वर इतका आनंदी होता, त्या आनंदात कितीतरी वर्षांचं थांबणं होतं, की मी मान डोलावली आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी टाचणीनं विचारलं, “काय म्हणाले?” “चांगला आहे म्हणाले.” “मग तोंड का असं? रडतेयस की काय?” मी म्हणाले, “मला आणखी काहीतरी ऐकू आलंय. ते आधी संपू दे.”

ते संपलं नाही. ते सगळीकडून यायला लागलं. शाळेत खडूच्या टोकाचा चरचराट, नळाच्या तोंडाशी थेंब जमतानाचा आवाज, वर्गातल्या कुणाचा श्वास चोंदलेला आहे, कुणाचा घाबरलेला, आईच्या “चौथा मजला”मध्ये चौथ्याच्या आधी येणारी एवढीशी दमणूक. मला वाटायचं सगळ्यांना हे येतं. मला वाटायचं ही इमारतीत राहणाऱ्यांची सवय आहे. आता मी पलंगावर पडून दुपारभर ऐकायची आणि मला कळायचं की टाळ्यांच्या आधीची ती पोकळी मला आवडली होती, टाळ्या नव्हेत, आणि माझा आवाजही नव्हे. मला सगळ्यांचं थांबणं ऐकायला आवडलं होतं. पण बाबा हल्ली शीळ घालत होते. इमारतीच्या कमिटीतल्या एका काकांना जिन्यात म्हणाले, “एक गाणं काय हो, आता तर सुरुवात झालीय! सही करतो की, पण घाई कशाला?” काका माझ्याकडे बघून कसनुसं हसले. वर मावशी त्या आठवड्यात दाराबाहेर पडल्याच नाहीत. मी शाळेतून येताना रोज वर जाऊन त्यांच्याशी बोलायची, आणि एके दिवशी त्यांना माझा बेत सांगितला. त्यांनी माझे दोन्ही कान धरून हलवले. “मला स्टूल आणून दे,” त्या म्हणाल्या. “दारात ठेव. मला बसून ऐकायचंय.”

तर मी स्टूल ठेवलं, मावशींना त्यावर बसवलं, आणि खाली आले. आई-बाबा दोघं हॉलमध्ये होते. बाबा घोडेस्वाराच्या गालिच्याखाली स्टँड लावून त्याची उरलेली केबल गुंडाळत होते, माझ्या पुढच्या गाण्यासाठी, आणि आई त्यांना म्हणत होती की स्टँड जरा डावीकडे घ्या. मी काचेपलीकडच्या खोलीत शिरले आणि बाबांच्या खुर्चीत बसले. पाय टेकत होते. पूर्वी टेकत नसत. हाताखाली ते खड्डे लागले. मी तांबड्या दिव्याचं बटण दाबलं.

बाबा अर्ध्या वळशावर थांबले. आई तोंडातल्या शब्दावर थांबली. डोक्यावर, मजल्यामजल्यानं, सगळी इमारत थांबत गेली, आणि खोलीतल्या स्पीकरमधून, वरच्या माइकमधून, अगदी बारीक, मला मावशींची शिट्टी ऐकू आली. निवांत होती. दिवा आहे तोवर कुणी मला अडवणार नव्हतं, कुणी मधे बोलणार नव्हतं, तो मावशींनीच मला शिकवलेला नियम होता. मी हॉलमध्ये आणि जिन्यात बोलायचं बटण दाबून धरलं आणि काचेतून दोघांकडे पाहिलं.

“बाबा, आवाज चांगला आहे, मान्य. पण मी गाणार नाही. म्हणजे गाईन, आंघोळ करताना गाईन, मैत्रिणींत गाईन. इथे मी त्या बाजूला उभी राहणार नाही. मी या बाजूला बसणार. शाळा सुटली की रोज. खालचे, भरलेले आवाज तुमच्यासारखे कुणालाच ऐकू येत नाहीत, ते तुम्ही ऐका. वरचे बारीक मी ऐकते. आई, तू पेन्सिल ठेव आता खाली. खूप वर्षं झाली. तुला गायचं असेल तर तो माइक तुझाच आहे.”

आईची पेन्सिल तिच्या केसांत खोचलेली होती. तिनं ती काढली नाही, तिच्यावर नुसता हात ठेवला. मला भीती वाटली, खूप वाटली, खांदे कुठच्या कुठे गेले. पण मी बटण सोडलं नाही.

“आणि लिफ्टला सही करा. उद्या करा. जिना माझ्यासाठी धरून ठेवू नका, मी तो पाहून आलेय. त्याआधी एक रविवार मला द्या. मी प्रत्येक मजल्यावर फुगे फोडणार आहे. तुम्हाला ते आवडत नाही, माहितेय, तरी माझ्याबरोबर उभे राहा आणि कुठे काय चुकतंय ते सांगा. मावशींच्या कडीचाही आवाज घेणार आहे. मग लिफ्ट येऊ दे. तिच्यात आईच बोलेल, आणि मावशी वर जाताना तिच्याशी भांडतील.”

बाबांनी तोंड उघडलं. मग वर दिव्याकडे पाहिलं आणि मिटलं.

“मी विचारत नाहीये, बाबा,” मी म्हणाले. “सांगतेय.”